वरच्या वाफ्याचं बी

१

वरच्या वाफ्यात काहीच उरलेलं नाही, हे सगळ्यात आधी डिंकवालीच्या पायाला कळलं.

बायका बी गोळा करायला चढण चढून गेल्या होत्या. त्या दिवसांत कडूमुळाचा पाला पिवळा पडून गळून गेलेला असतो आणि सुक्या देठांवर लाल फळांचे झुबके तेवढे दिसतात. झुबके दिसेनात, तेव्हा पाखरांनी डल्ला मारला असेल असं म्हणत डिंकवाली पुढे झाली आणि तिचा पाय घोट्यापर्यंत मऊ मातीत रुतला. तिनं पाचोळा सारला. खाली नीट बुजवलेला खड्डा होता. त्याच्या शेजारी आणखी एक, पुढे आणखी एक. सगळ्या बायकांनी मिळून पाचोळा सारत अख्खा वाफा पाहिला. मोठ्या झाडांच्या सावलीत वर्षानुवर्षं जपलेलं मूळ, ज्याच्या बियांवर बाकीचे सगळे वाफे उभे होते, ते कोणीतरी झाडून नेलं होतं. मागचं तारेचं कुंपण कापलेलं होतं. पुढच्या फाटकाचं कुलूप मात्र जसंच्या तसं होतं.

डोंगरावरच्या या रानाची मालकी सोसायटीकडे नव्हती. झाड न तोडता झाड जे देईल ते घ्यायचा हक्क तेवढा होता. डिंक, मध, अळंबी, साली आणि सावलीत लावलेलं कडूमूळ. वस्तीतली तीसेक घरं त्यावर चालत होती, आणि वरचा वाफा म्हणजे त्या घरांचा उद्याचा भरवसा होता.

दुपारपर्यंत चोर सापडला, निदान लोकांपुरता तरी. पंपवाला. हा सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंचा जावई. लग्नाआधी शहरात पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. दोन वर्षांपूर्वी तो वस्तीत राहायला आला आणि वाफ्यांची राखण त्याच्याकडे आली. त्याच्या अवजारांच्या खोलीत, फळीच्या मागे, एक पोतं सापडलं. धुतलेलं होतं, पण शिवणीत वरच्या वाफ्याची तांबडी माती तशीच होती. चार दिवसांपूर्वी भल्या पहाटे तो वरच्या वाटेनं खाली येताना दोघांना दिसला होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला. कुठे गेला होतास, असं विचारल्यावर म्हणाला, फिरायला. त्यानंतर त्यानं जे तोंड मिटलं ते मिटलंच.

हा सगळा वृत्तांत फौजदारबाईंनी बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून ऐकला. नोकरीत असताना त्यांनी भल्याभल्यांना बोलतं केलं होतं. पुढे सरकारनं त्यांना निवृत्त केलं आणि गुडघ्यांनीही त्याला दुजोरा दिला. महिनाभर विश्रांती घ्यायला म्हणून त्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे खुद्द अध्यक्षीणबाईंकडे, आल्या होत्या. विश्रांतीचा त्यांना आठव्याच दिवशी वीट आला होता, पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती.

धाकटीनं चहाचा कप पुढे केला. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडून सोलली होती.

"हे काय झालं गं?"

"भट्टीचा पत्रा लागला." धाकटीनं हात पदराखाली घेतला. "ताई, उद्या संध्याकाळी सभा आहे. त्यांना वस्तीतून काढायचं की नाही, ते ठरेल. मी अध्यक्ष, आणि जावई माझाच. मला एक शब्द बोलता यायचा नाही. तूही यात पडू नकोस."

फौजदारबाई काही बोलणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून भाची बाहेर आली. तिच्या हातात घडी केलेले कपडे होते आणि मागे उघडी बॅग दिसत होती.

"मावशी, तू यात पड," ती म्हणाली. "ते काहीतरी लपवतायत, हे मलाही कळतंय. पण चोरी त्यांनी केलेली नाही. उद्याच्या सभेआधी खरं काय ते शोध. त्यांना काढलं तर मीही निघाले, आणि पुन्हा या घराची पायरी चढणार नाही."

धाकटीनं चुलीकडे तोंड फिरवलं.

२

गुडघ्यांना शिव्या घालत फौजदारबाई वरच्या वाफ्यापर्यंत पोचल्या. सोबत डिंकवाली होती. तिच्या तोंडाला विश्रांती माहीत नव्हती, आणि तपासाच्या कामात अशी माणसं सोन्यासारखी असतात.

"मी सांगते कोणी केलं ते. पंपवाल्यानंच," ती म्हणाली. "आणि पुरावा हा, तुमच्या समोर."

"कुठला?"

"खड्डे. आमच्यात मूळ काढलं की त्याच खड्ड्यात त्याचं बी दाबायचं, अंगठ्यानं. तीन वर्षांचं पोरसुद्धा दाबतं. डोळे मिटून काढा म्हणाल, तरी हात आपोआप बी दाबणार. मी रागारागानं नवऱ्याचं घर सोडून निघाले होते, तेव्हा वाटेत एक मूळ उपटलं, तर थांबून बी दाबलं आणि मग पुढे गेले. आता हे बघा."

तिनं एक बुजवलेला खड्डा हातानं उकरला. मग दुसरा. मग तिसरा. एकातही बी नव्हतं. आसपास एक लाल साल नाही, एक फळ पडलेलं नाही.

"म्हणजे आमच्यातला नाही. शहरातला आहे. त्याचा हात अजून कच्चा."

फौजदारबाई दगडावर टेकल्या आणि त्यांनी वाफ्यावर नजर फिरवली. बी दाबायला विसरणाऱ्या कच्च्या हातानं खड्डे मात्र किती सुरेख बुजवले होते. माती थापून बसवलेली, वर पाचोळा आधी ओला मग सुका, रानात पडतो तसाच पसरलेला. डिंकवालीचा पाय रुतला नसता तर आणखी महिनाभर कुणाला पत्ता लागला नसता.

त्यांनी कापलेली तार पाहिली. तिच्यापलीकडे करवंदीसारख्या काट्यांची दाट जाळी होती. त्या जाळीतली एक फांदी मोडलेली नव्हती, एक पान खाली पडलेलं नव्हतं. पोतंभर मुळं घेऊन त्यातून जाणारा चोर एकतर हवेतून गेला असावा, नाहीतर गेलाच नसावा.

मग त्यांनी एका खड्ड्याच्या तळात हात घातला. मातीत पांढरे खडे लागले. अंड्याच्या कवचासारखे दिसत होते, पण चिमटीत चुरडले तर पीठ झाले. वर येताना त्यांच्या तर्जनीला काटा ओरखडला होता. तिथे असं काही झोंबलं की त्यांनी हात झटकला.

"चुना," डिंकवाली खड्ड्यावर वाकून म्हणाली. "डिंक काढून झाला की झाडाच्या जखमेला आम्ही चुना लावतो. पण मुळाच्या खड्ड्यात चुना? हे कोणी कशाला करेल?"

३

फाटकाच्या किल्ल्या तीन. एक जावयाकडे, एक धाकटीकडे, एक भट्टीकाकांकडे.

भट्टीकाका वाळवणघराचे कारभारी होते. लांबट खोली, एका टोकाला भट्टी, दोन्ही बाजूंना जाळीच्या फळ्या. फळ्यांवर अळंबी पसरलेली, दोरीला सालींच्या जुड्या, कोपऱ्यात मधाचे डबे. भिंतीवर धाकटीच्या हातच्या रंगवलेल्या पाटीवर सोसायटीचे नियम होते. त्यातला पहिला नियम असा, की बाहेरची माती आणि बाहेरचं रोप रानात आणायचं नाही.

"आमचं आणि अध्यक्षीणबाईंचं जमत नाही, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलंच असेल," काका फळी सरकवत म्हणाले. "मूळ ओलं विकावं असं मी म्हणतो, वाळवून विकावं असं त्या म्हणतात. पण ते भांडण दिवसाढवळ्या आहे. मी वर जाऊन मुळं उपटीन म्हणता? मधाच्या झाडावरून पडलो त्याला पाच वर्षं झाली. कंबर अशी आहे की या दारातून त्या दारात गेलो तरी देवाचं नाव घ्यावं लागतं."

ते चालून दाखवायला निघाले, तेव्हा फौजदारबाईंनीच थांबवलं. दुखण्यात खरं कोण आणि नाटकी कोण, हे त्यांना आता कोणी शिकवायची गरज नव्हती.

"चुना कुठे ठेवता?"

"त्या पोत्यात." काकांनी पोतं उचललं आणि कपाळाला आठी घातली. "हे अर्ध्यावर कसं आलं? डिंकाचा हंगाम संपून महिना झाला. खोली उघडीच असते, कोणीही न्यावा, पण न्यायचं कारण?"

"ही पाटी फार कडक आहे तुमची."

"असायलाच हवी. पलीकडच्या खोऱ्यात बाहेरच्या रोपांबरोबर मूळकुज आली. मूळ कापलं की आत काळं कडं दिसतं, बस. वनखात्यानं अख्खं रान दोन पावसाळे बंद केलं. नुसतं मूळ नाही हो, डिंक, मध, सगळंच. माणसांच्या पायाला माती लागून रोग पसरतो ना. अर्धी वस्ती उठून गेली तिथली." काका पाटीकडे बघत म्हणाले. "बाईंशी मी भांडतो, पण त्यांचा हात मानावा लागेल. साळिंदरानं वरचा वाफा अर्धा खाल्ला होता, चारेक वर्षं झाली त्याला. आम्ही सगळे डोक्याला हात लावून बसलो. त्या म्हणाल्या, मुळाचा तुकडा राहिला असेल तर फुटेल. आणि पुढच्या पावसात वाफा परत भरला. त्यांच्या हाताला गुण आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारबाई दूधगाडीत बसून खालच्या बाजारात गेल्या. दलालाचं दुकान पेठेच्या टोकाला होतं, आणि सालींच्या उग्र वासामुळे ते शोधायला पत्ता लागत नव्हता. दलाल हा गुळगुळीत माणूस. त्यानं खुर्ची पुसून दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, आणि कडूमुळाचं नाव काढताच हात वर केले.

"ताजं कडूमूळ बाजारात आलं की चार दुकानं पलीकडे वास जातो, बाई. यंदा अजून एक कांडी आलेली नाही. कुठेच नाही. ज्यानं कोणी नेलं त्यानं विकलेलं नाही, हे माझ्याकडून लिहून घ्या."

"तुम्ही दोनदा रानात आला होतात, माल मागायला."

"आलो होतो. हात हलवत परत गेलो. तुमच्या रानातून मी आजवर कडूमूळ विकत घेतलेलं नाही." दलाल हसला. "उलट मीच एकदा तुमच्या रानाला माल विकलाय."

"कोणाला? आणि काय?"

"धंदा आहे, बाई. घेणाऱ्यानं बोलू नको म्हटलं की मी बोलत नाही. तुम्ही आता खात्यात नाही, नाहीतर गोष्ट वेगळी होती."

फौजदारबाईंना निवृत्तीचा इतका राग आजवर आला नव्हता.

४

जावई खालच्या वाफ्यात तण काढत बसला होता. उद्या आपण इथे असू की नसू याचा पत्ता नसताना माणूस तण काढतो, याचं फौजदारबाईंना नवल वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

"जावईबापू, पोतं तुमच्या खोलीत कसं आलं?"

"मी ठेवलं."

"कुठून आणलंत?"

तो तण उपटत राहिला.

"पहाटे वर कशाला गेला होतात?"

"मावशी, तुम्ही विचारताय म्हणून एवढंच सांगतो. मी चोरी केलेली नाही. त्याच्यापुढचं विचारू नका. सभेतही मी सांगणार नाही."

"बायको बॅग भरून बसलीय तुमची."

त्याचा हात थांबला. क्षणभर वाटलं, आता बोलेल. पण तो नुसताच खाली बघत राहिला. फौजदारबाईंनी हजारो गप्प माणसं पाहिली होती. काही भीतीनं गप्प असतात, काही लबाडीनं. हा त्यातला नव्हता. हा कोणाच्या तरी वतीनं गप्प होता.

त्या उठायला गेल्या आणि आधारासाठी हात टेकला, तर बोटाला काडी लागली. जमिनीत सरळ रोवलेली बारीक काडी. तिच्यापुढे दुसरी. अशा चार.

"हे काय आहे?"

"तिथली मुळं तपासणीसाठी काढली होती, गेल्या महिन्यात. बी दाबलंय. नंतर तण काढताना माझ्याच हातून उपटलं जाऊ नये म्हणून खूण केली." तो ओशाळून म्हणाला. "बायका हसतात मला. त्यांना खूण लागत नाही. मला अजून भीती वाटते, चुकेन म्हणून."

फौजदारबाई पुन्हा खाली बसल्या, गुडघ्यांची पर्वा न करता. डिंकवालीचा पुरावा त्यांच्या डोळ्यांसमोर उलटा झाला होता. हा माणूस बी दाबायला विसरणाऱ्यांतला नव्हता. वर काडी रोवणाऱ्यांतला होता.

मग वरच्या वाफ्यात बी न दाबणारा हात कोणाचा होता? बाहेरच्या चोरानं खड्डे बुजवले नसते. वस्तीतल्या चोरानं बी दाबलं असतं. आणि चोराला चुना कशाला लागेल?

वरच्या वाफ्यातून एक चर उतारानं खालच्या वाफ्यात येत होता, पावसाचं पाणी वाहून आणणारा. फौजदारबाई सरकत सरकत त्या चराच्या तोंडापाशी गेल्या.

"इथलं एक मूळ काढा," त्या म्हणाल्या. "आणि आडवं कापा."

जावयानं मूळ काढलं, खड्ड्यात बी दाबायला अंगठा पुढे केला.

"बी दाबू नका. आधी कापा."

त्यानं चाकू फिरवला. पांढऱ्या गराच्या मधोमध काळं कडं होतं.

५

धाकटी स्वयंपाकघरात एकटी होती. दाराबाहेर तिचे रानातले बूट भिंतीला उलटे टेकवून ठेवले होते. फौजदारबाईंनी वाकून पाहिलं. गेले दहा-पंधरा दिवस पाऊस नाही, चिखल नाही, आणि तळव्याच्या खाचांतूनसुद्धा मातीचा कण काढलेला. असे लख्ख बूट त्यांनी परेडच्या दिवशीही पाहिले नव्हते. त्या आत येऊन बसल्या.

"तुझ्या बोटांना पत्रा नाही लागला," त्या म्हणाल्या. "ओला चुना लागलाय."

धाकटीनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"बाहेरचा चोर खड्डे उघडे टाकून पळाला असता. इथला माणूस बी दाबून गेला असता. तुझ्या जावयानं तर काडीसुद्धा रोवली असती. ज्यानं मुळं काढली त्याचा हात इथलाच होता, म्हणून खड्डे बुजले, पाचोळा पसरला. बी मात्र त्या हातानं मुद्दाम दाबलं नाही. इथला माणूस आपली सवय एकाच कारणानं मोडेल. त्या मातीत आता काही उगवू नये असं त्याला वाटत असेल तर. मुळं चोरीला गेली नाहीत. ती कुजली होती."

"ताई."

"ऐक. रोग दिसला तर सांगायला घाबरेल कोण? ज्यानं तो आणला तो. दलालानं तुमच्या रानाला एकदा काहीतरी विकलं. मी नाव विचारलं, त्यानं सांगितलं नाही. पण साळिंदरानं अर्धा वाफा खाल्ला आणि पुढच्या पावसात तो भरला. तेव्हा जावई शहरात पंप दुरुस्त करत होता. काकांची कंबर तेव्हा मोडलेलीच होती. तिसरी किल्ली तुझी."

धाकटी समोर बसली. ती बोलली ते जणू दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं.

"लोक रडत होते गं त्या वर्षी. मी म्हटलं, फुटेल. माझाच विश्वास नव्हता. दलालाकडून रोपं आणली. मुळं तीनदा धुतली, म्हटलं माती नाही तर रोग नाही. चार वर्षं काही झालं नाही, मी विसरूनही गेले. यंदा पावसाळा सरताना त्याच ओळीत पानं करपायला लागली. एक मूळ कापलं, तर आत काळं. पाला गळायची वाट पाहिली, म्हणजे कोणाच्या लक्षात येणार नाही. मग दोन पहाटांत सगळी काढली. टेकडीमागच्या खड्ड्यात जाळली, बियांसकट. चुना घातला. तार कापली, कोणीतरी बाहेरचा आला म्हणावं म्हणून."

"आणि नाव जावयाचं आलं."

"ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

"काल तर आलं होतं."

धाकटीला रडू येत नव्हतं, आणि ते बघणं फौजदारबाईंना जास्त जड गेलं. या बहिणीला त्यांनी लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं होतं.

"काल रात्रभर तेच तोलत बसले," धाकटी म्हणाली. "एका बाजूला ते दोघं, एका बाजूला तीस घरं. मी बोलले तर रान बंद. नाही बोलले तर पोरगी गेली. तीस घरांचं पारडं जड वाटत होतं."

फौजदारबाईंनी पिशवीतून कापलेलं मूळ काढून तिच्यासमोर ठेवलं.

"हे वरचं नाही. खालच्या वाफ्यातलं आहे, चराच्या तोंडाशी होतं. उद्या बायका त्या वाफ्यात बी गोळा करणार आणि त्याच चपलांनी रानभर हिंडणार. तुझं तीस घरांचं पारडं कधीच रिकामं झालंय."

धाकटीनं मूळ हातात घेतलं, काळ्या कड्यावरून बोट फिरवलं.

"सभेत तू सांगणार?"

"सांगावं लागेल. पण माझ्याआधी तू उठलीस तर मला फार बरं वाटेल."

बाहेर सभेची घंटा झाली. धाकटी उठली आणि ते मूळ घेऊन निघून गेली.

६

वाळवणघर खच्चून भरलं होतं. जावई दाराशी उभा, त्याच्याशेजारी भाची, पायाशी बॅग. डिंकवालीनं ठराव मांडला, आणि एरवी बडबड करणारी ती बाई या वेळी चार वाक्यांत थांबली. चुन्याचं कोडं तिलाही सुटलं नव्हतं.

"कोणाला काही बोलायचंय?" भट्टीकाकांनी विचारलं.

फौजदारबाईंनी बाकाच्या कडेवर हात ठेवला. धाकटी अध्यक्षाच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. फौजदारबाईंनी उठायला जोर लावला, गुडघा कटकन वाजला, आणि तेवढ्यात धाकटी उभी राहिली.

तिनं काही लपवलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही. रोपं कुठून आणली, मुळं कशी काढली, कुठे जाळली, सगळं क्रमानं सांगितलं. शेवटी कापलेलं मूळ पुढच्या रांगेत दिलं. ते हातोहात मागेपर्यंत गेलं, आणि जसजसं गेलं तसतशी खोली गप्प होत गेली.

"दोन पावसाळे," मागून कोणीतरी म्हणालं. मग एकदम गलका झाला.

डिंकवालीचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "रोगाचं राहू दे बाजूला. आम्ही जावयाला चोर म्हणत होतो आणि तू ऐकत बसलीस?"

"हो," धाकटी म्हणाली.

"आणि तू रे? तू का गप्प होतास?"

जावयानं बायकोकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "त्या पहाटे आई ओढ्यावर कुदळ धुताना दिसल्या. पोतं तिथेच राहिलं होतं, अर्धं पाण्यात. त्या गेल्यावर मी पाण्यात उतरून ते काढलं. नंतर वाफा रिकामा निघाला. मला वाटलं, आईंनी मुळं विकली."

"आणि तरी बोलला नाहीस?"

"हिला काय सांगणार होतो? तुझ्या आईनं चोरी केली म्हणून?"

भाचीनं त्याचा हात धरला. धाकटी खुर्चीचा आधार घेऊन खाली बसली. जावई आपल्याला चोर समजत होता, आणि तसं समजूनही कालपासून तो तिच्या घरी पाणी भरत होता, तिच्या हातचं जेवत होता. तिला आत्ता कुठे रडू फुटलं.

पुढचं काम सभेनं भराभर उरकलं. सकाळी वनखात्याला कळवायचं. उद्यापासून रान बंद. खालचा वाफा मुळासकट काढून जाळायचा, आणि ते काम जावयाच्या हाती. अध्यक्षीणबाईंनी खुर्ची सोडावी आणि यापुढे कुठल्याही वाफ्यात पाय ठेवू नये. धाकटीनं सगळ्याला मान हलवली. लोक तिच्याकडे न बघता एकेक करून बाहेर पडले. भट्टीकाका तेवढे जाताना क्षणभर थांबले.

फौजदारबाई बाकावर बसून राहिल्या. केस सुटली की त्यांना भूक लागायची, आयुष्यभराचा अनुभव. आज लागली नव्हती.

जावई परत आत आला. धाकटीच्या समोर, जमिनीवरच बसला.

"आई, मला यातलं काही येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही वर केलंत ते मला उद्या खाली करायचंय. सुरुवात कुठून करू?"

धाकटीनं डोळे पुसले. आपल्याला रानातलं काही विचारायला आता कोणी येईल, असं तिला वाटलं नव्हतं. ती खुर्ची सोडून त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

"आधी चर बुजवा. पाणी वाहतं ती वाट बंद झाल्याशिवाय मुळाला हात लावू नका. मग कडेकडेनं आत या."

"तुम्ही आधी चर बुजवला होता?"

"नाही," धाकटी म्हणाली. "बुजवला असता तर कोणीतरी विचारलं असतं, का बुजवला म्हणून."

जावई उठला आणि चुन्याचं अर्धं पोतं ओढून घेऊन आला. मग त्यानं चुना किती लागेल ते विचारलं, आणि तिनं सांगितलं.